टोपल्यातला माल कुठी उतरते?

मी आयुष्यभर काय काम केलं हे माझ्या बायकोला अजून नीट सांगता येत नाही. लग्नाकार्यात कोणी विचारलं की ती म्हणते, "ते कम्प्युटरात हायेत." मग समोरचा लगेच आपला मोबाईल काढून माझ्या हातात देतो, "पाहा बरं, हा काहून हँग होऊन राहिला." मी पाहतो. नाही पाहिलं तर बायकोकडचे नातेवाईक वर्षभर नाव ठेवतात. अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षं मी संगणकाची प्रयोगशाळा सांभाळली, म्हणजे मुख्यतः कुलपाच्या किल्ल्या सांभाळल्या. खरं काम केलं ते निवृत्तीनंतर, अकोल्यात. ते काम असं की मी लोकांसाठी ठरवायचो. अर्थात त्यांना न विचारता.

समजावून सांगतो. टपरीवर तुम्ही नुसतं "एक चहा" म्हणता तेव्हा तो साखर टाकूनच येतो. किती साखर, किती दूध, कपात की ग्लासात, हे तुम्ही ठरवलेलं नसतं. ते आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. बिनसाखरेचा पाहिजे असेल त्याने तोंड उघडून सांगावं. आमच्या धंद्यात या आधीच ठरवून ठेवलेल्या गोष्टीला डिफॉल्ट म्हणतात. कम्प्युटर सुरू केल्यावर अक्षर केवढं दिसावं, पत्र लिहायला कोणतं सॉफ्टवेअर उघडावं, किती मिनिटांनी पडदा काळा व्हावा, अशा शेकडो गोष्टी कोणीतरी ठरवतो आणि बाकीचे मुकाट्याने पितात. तो कोणीतरी म्हणजे मी. तुम्ही म्हणाल, सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं की! येतं ना. तुम्ही शेवटचं कधी गेला होता?

आमची कचेरी एका सरकी-ढेपेच्या दुकानाच्या माडीवर होती. खाली म्हशींचं खाद्य, वर आम्ही. भंगारात जायच्या बेतातले कम्प्युटर गोळा करायचे, पुसायचे, आणि शाळा, वाचनालयं, महिला गट यांना द्यायचे, हे आमच्या संस्थेचं काम. त्या म्हाताऱ्या यंत्रांवर मोठ्या कंपनीची नवी प्रणाली टाकली तर बटण दाबून माणसाने आंघोळ करून यावं, तोवर ते जेमतेम डोळे उघडतं. म्हणून आम्ही लिनक्सच्या जातीची एक हलकी प्रणाली घेतली, तिच्यातलं जडजड उपसून काढलं, मराठी भरली आणि नाव ठेवलं पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती कपाशीची वाळकी काडी. वजनाला काहीच नाही आणि पेटते चटकन. नाव माझंच.

ठरवणारे आम्ही तिघं. एक मी. दुसऱ्या वानखडे मॅडम, अकोल्याच्या एका शाळेत पोरांना कम्प्युटर शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज बारीक पण मत जाड. तिसरे पुण्याचे साने साहेब, ते पडद्यावरून यायचे. पऱ्हाटी हे नाव ऐकून ते म्हणाले होते, "अहो गावंडे, सरपणाचं नाव कसं चालेल? काहीतरी भारदस्त हवं." मी म्हटलं, "साहेब, भारच तर काढून राहिलो आपण." त्यानंतर ते नावावर बोलले नाहीत, पण प्रत्येक बैठकीत "मानकं" हा शब्द किमान दहादा उच्चारून त्यांनी सूड उगवला.

बैठकांमध्ये काय चालायचं ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, रिकामटेकडे लोक. फाइलवर एकदा टिचकी मारून उघडावी की दोनदा, यावर आम्ही तीन आठवडे घालवले. टायपिंगच्या कळा कोणत्या क्रमाने असाव्यात यावर साने साहेब आणि मी सव्वा महिना बोलत नव्हतो. शेवटी त्यांची मानकं जिंकली. मग पहिला कम्प्युटर चांदूर रेल्वेच्या एका वाचनालयात गेला. तिथले ग्रंथपाल म्हणजे जुने टाइपरायटरवाले. त्यांनी मानक पद्धतीने "वाचनालय" हा शब्द लिहून पाहिला, जे उमटलं ते पाहिलं, कम्प्युटरवर पांढरा टॉवेल पांघरला आणि म्हणाले, "छान आहे. ठेवा तिथे." आम्ही वर्षभराने गेलो तेव्हा टॉवेल धुतलेला होता, इस्त्रीही केलेली होती. खालचा कम्प्युटर मात्र तसाच.

दुसरे एक संस्थाध्यक्ष. त्यांच्या शाळेला आम्ही बारा यंत्रं देणार होतो. त्यांची एकच अट, की पडद्यामागचं चित्र त्यांचं असावं. देवाचं नाही, शाळेचं नाही, त्यांचं. मी म्हटलं, हौस आहे तर राहू द्या. पण फोटो एवढा मोठा निघाला की कम्प्युटर सुरू होताना आधी फक्त मिशा उमटायच्या आणि मग पाच-सात सेकंद वाट पाहिली की त्यांच्यावर साहेब. पोरं त्या मिशा दिसल्या की उभी राहून "नमस्ते सर" म्हणायची. हलक्या प्रणालीला एवढी जड मिशी झेपत नव्हती, पण अध्यक्षांना कोण सांगणार!

असो. हे सगळं मी दुसऱ्यांच्या चुकांबद्दल सांगून राहिलो, कारण माझ्या चुकीवर यायचं जिवावर आलं आहे. येतो.

पऱ्हाटीत माझे खास म्हणावेत असे तीन निर्णय होते आणि मला त्यांचा भारी अभिमान होता. पहिला, कम्प्युटरने प्रश्न विचारायचे नाहीत. "खरंच पुसू का?", "नक्की ना?", ही काय पद्धत झाली? माणूस न वाचताच हो म्हणतो, मग विचारता कशाला? दुसरा, चित्रांखाली नावं नकोत. चित्र बोलकं असलं की नाव हा नुसता पसारा. तिसरा, यंत्र बंद करताना कचऱ्याची जागा आपोआप रिकामी व्हावी, कारण जुन्या डिस्कवर जागा असते टीचभर. आणि त्या कचऱ्यासाठी मी चित्र निवडलं होतं बांबूच्या टोपल्याचं. साने साहेबांचा तो पत्र्याचा विलायती डबा मी स्वतः काढून टाकला. म्हटलं, आपल्या मातीतलं चित्र पाहिजे. मी हिवरखेडचा. आमच्याकडे सकाळ झाली की टोपल्यात शेण आणि केर भरायचा आणि उकिरड्यावर नेऊन उलटायचा. टोपलं पाहिलं की कोणालाही कचरा आठवणारच, यात मला तीळभर शंका नव्हती. वर हौसेने अशी सोय केली की आत काही टाकलं की टोपलं वरपर्यंत भरलेलं दिसावं. काय देखणं दिसायचं ते!

वानखडे मॅडम म्हणाल्या, "गावंडे सर, निदान एकदा विचारू द्या त्याला. रिकामं करू का म्हणून."

"मॅडम, तुम्ही घरचा केर टाकताना केराला विचारता का?"

त्यांनी वहीचं पान उलटलं. मला वाटलं मी जिंकलो. आणखी एका मुद्द्यावर मात्र त्या हटल्या नाहीत. आवाज रेकॉर्ड करायचं जे छोटं सॉफ्टवेअर आम्ही दिलं होतं, त्यात कोणी बोलायचं थांबलं की अर्ध्या मिनिटाने रेकॉर्डिंग आपोआप बंद व्हावं असं माझं म्हणणं. डिस्कवरची जागा वाचते. मॅडम म्हणाल्या, "लोकं बोलता बोलता थांबतात, सर. विचार करतात, पाणी पितात. थांबला म्हणजे संपला असं नाही." मी बराच हसलो. साने साहेबांनी मानकं उघडून पाहिली, त्यात या विषयावर काहीच निघालं नाही, म्हणून त्यांनी मॅडमच्या बाजूने मत दिलं. तेवढी एक गोष्ट मी हरलो.

पऱ्हाटी गावोगाव गेली. लोक फोन करून म्हणायचे, "सर, मशीन भल्ली पळून राहिली." मी बायकोला स्पीकरवर ऐकवायचो. ती म्हणायची, "बरं झालं, पळू द्या." आणि एक दिवस दुपारी शेंदूरजनाघाटहून फोन आला.

"गावंडे सर बोलून राहिले का? मी ज्योती. नर्सरीवाली. तुमी आमच्या गटाले लॅपटॉप देल्ला होता ना?"

आठवल्या. वरुडकडचा तो सगळा संत्र्याचा मुलूख. ज्योतीताई तिथल्या महिला गटाच्या, चाळिशीच्या, घरची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, घरात त्या आणि म्हातारे सासरे, नामदेवराव. बॅटरी मेलेला पण वायर लावली की चालणारा एक लॅपटॉप आम्ही त्यांना दिला होता.

"बोला ताई. चालते ना नीट?"

"झाक चालते. फक्त एक इचारायचं होतं. टोपल्यातला माल कुठी उतरते?"

"कोणतं टोपलं?"

"ते नाही का, खालच्या कोपऱ्यातलं. मी चांगला माल रोज टोपल्यात टाकून राहिली. टोपलं भरलं की मंग बंद करते. सकाळी पाहिलं की टोपलं रिकामं. म्हटलं, गेली गाडी भरून आत. आता मले तो माल वापस पाहिजे. कुठी जाऊन पाहू?"

मी खुर्चीवर बसलेलाच होतो, तरी पुन्हा बसलो.

शेंदूरजनाघाटला टोपल्यात शेण भरत नाहीत. तिथे पिढ्यान् पिढ्या टोपल्यात संत्रा भरला. आता प्लास्टिकचे क्रेट आले, पण हाताला आणि डोळ्याला सवय टोपल्याचीच. तोडा झाला की बायका माल निवडायला बसतात. चांगला, मोठा, सारख्या रंगाचा संत्रा टोपल्यात जातो. बारीक, डागाळलेला, त्याला तिकडे चुरी म्हणतात, तो बाहेर जमिनीवर पडून राहतो. भरलेलं टोपलं गाडीत चढतं, मंडीत उतरतं आणि दुसऱ्या दिवशी रिकामं परत येतं. रिकामं टोपलं परत आलं म्हणजे माल योग्य जागी पोचला. ज्योतीताई रोज सकाळी माझं रिकामं टोपलं पाहून निर्धास्त होत होत्या. दीड महिना!

"ताई," मी विचारलं, "माल म्हणजे काय होतं त्यात?"

"मामाजीचा आवाज."

मामाजी म्हणजे सासरे, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. नामदेवरावांच्या कलमांचं त्या पट्ट्यात नाव होतं. संत्र्याचं कलम म्हणजे काय, तर जंबेरी नावाच्या रांगड्या लिंबाच्या रोपाला खाच पाडायची आणि जातिवंत संत्र्याच्या फांदीवरचा एक कोंब, त्याला डोळा म्हणतात, तो त्या खाचेत बसवून बांधायचा. पुढे झाड कसं निघेल हे दोन गोष्टींवर ठरतं. बांधणाऱ्याचा हात कसा आणि डोळा कोणत्या झाडाचा. कोणतं झाड खोडाच्या रोगाला दाद देत नाही, कोणतं नुसतंच दिसायला देखणं, हे नामदेवरावांच्या डोक्यात होतं आणि कागदावर कुठेच नव्हतं. म्हणून ज्योतीताईंनी रोज त्यांना ओसरीवर बसवून एकेका झाडाची माहिती बोलायला लावली होती. बेचाळीस झाडं झाली. आणि मग नामदेवरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

"रविवारी भाऊजी येऊन राहिले अमरावतीहून," ताई सांगत होत्या. "ते म्हनतात, गिऱ्हाईक बाबाच्या हाताले येत होतं. आता हातही नाही अन् सांगनाराही नाही. नर्सरी बंद करू, रोपं दुसऱ्या नर्सरीवाल्याले देऊन टाकू. म्या म्हटलं, माह्यापाशी मामाजीची सारी माहिती भरलेली हाये, या अन् ऐका. सर, रविवारच्या आत उतरवून द्यान ना माल?"

"मी येतो," म्हटलं. "तोवर लॅपटॉप उघडू नका. हातसुद्धा लावू नका."

"काहून? काही झालं का?"

मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो की कम्प्युटर कधी चुकत नाही, माणूस चुकतो. त्या दिवशी ते वाक्य मी बाजूला ठेवलं. म्हटलं, "आल्यावर सांगतो."

रविवारी सकाळी मी आणि वानखडे मॅडम एसटीने निघालो. अकोल्याहून अमरावती, तिथून मोर्शी, वरुड. सबंध रस्ताभर मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. "मी म्हटलं होतं" हे त्या म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. वरुडच्या स्टँडवर त्यांनी फक्त विचारलं, "पेनड्राइव्ह घेतला ना?" आणि मला पाण्याची बाटली दिली. माझी मला एवढी चीड आली होती की मी ती न उघडताच पिशवीत टाकली.

घरी पोचलो तर दीर आधीच आलेले. सुधाकरराव. माणूस वाईट नव्हता, सांगून ठेवतो. पण शहरात नोकरी करणाऱ्या माणसाला गावची प्रत्येक गोष्ट आवरून टाकावीशी वाटते, तसं त्यांचं होतं. ओसरीवर खाटेवर नामदेवराव टेकून बसलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा, डोळे मात्र टकटकीत. समोर नर्सरीचे वाफे, हातभर उंचीची हिरवीगार रोपं.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. टोपलं म्हणजे कचरा. ते रोज रिकामं होत होतं. कुठेही उतरत नव्हतं. ठरवणारा मी.

ज्योतीताईंनी दोनदा विचारलं, "म्हंजे फेकलं?" मी दोनदा हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "पन सर, टोपल्यात कोनी कचरा टाकते का?" यावर माझ्याकडे हिवरखेडचं उत्तर होतं. ते द्यायची हिंमत झाली नाही.

सुधाकरराव लगेच म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. झालं ते झालं. मी त्या नर्सरीवाल्याले उद्या बोलावतो, तो रोपं पाहून घेईल."

वानखडे मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने लॅपटॉप उघडला. पुसलेल्या फाइली डिस्कवरून लगेच जात नाहीत. त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत त्या राहतात, त्या शोधून काढायचं सॉफ्टवेअर असतं. ते लावलं. पण ताई त्याच जागेवर रोज नवीन रेकॉर्डिंग करत होत्या आणि माझी पऱ्हाटी इमानेइतबारे रोज सकाळी स्वतःला अद्ययावत करत होती, तोही माझाच निर्णय. तीन तास शोधून पाच फाइली हाती लागल्या. त्यांतल्या तीन फाइलींत नुसती खरखर. उरलेल्या दोन अर्ध्या, एकीत नामदेवराव म्हणतात, "हे झाड लय गुनाचं, पन याचा डोया घेताना..." आणि संपलं.

"हे काय आहे इतकं?" मॅडमनी विचारलं. पडद्यावर वीसेक फाइली इकडेतिकडे विखुरलेल्या होत्या, नावं नसलेल्या. नावं मीच काढली होती ना.

"ते नका उघडू," ताई लाजल्या. "ती चुरी हाये. खोकला, मोटर, बकरी, काहीबाही. चांगला माल सारा टोपल्यात टाकला, हे राह्यलं बाहेर. आवरायचं होतं."

"ऐकू या तरी," मॅडम म्हणाल्या.

ऐकलं. पहिलीत खोकला. दुसरीत पंपाची मोटर. तिसरीत नामदेवराव शेजारच्या बकरीला आणि बकरीच्या मालकाला मिळून अशा काही शिव्या देतात की सुधाकरराव हसले आणि खाटेवरून नामदेवरावांच्या घशातूनही खर्र असा हसण्याचा आवाज आला. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा, ताई म्हणाल्या. आठवी फाइल लांबलचक होती. सुरुवातीला खोकल्याची उबळ, मग ताईंचा आवाज, "थांबा मामाजी, चहा ठेवते." पावलं वाजली. मग काही नाही. चिमण्या, लांब कुठेतरी ट्रॅक्टर. एक मिनिट, दोन मिनिटं, चार. मी बंद करायला हात पुढे केला. मॅडमनी माझ्या हातावर चापट मारली. खरोखर मारली.

मग दुसराच आवाज आला. "काय करून राहिले नामदेवराव, एकटेच?"

"बाबाराव होय," ताई म्हणाल्या. "शेजारचे."

"काही नाही गा," नामदेवरावांचा आवाज, ठणठणीत. "सूनबाई माहा आवाज भरून राहिली या डब्यात. झाडाइची माहिती."

"मंग सांगा ना सारी."

"सांगून राहिलो. एकच गोष्ट राह्यली. ते तिच्यासमोर सांगता येत नाही." थोडा वेळ गेला. "ते तिसऱ्या वाफ्यातले कलमं पाहाले लोकं लांबून येतात. म्हनतात, नामदेवरावचा हात. माहा हात कायचा, बाबाराव! डोयात मोतीबिंदू पिकला तवापासून म्या एक कलम बांधलं नाही. मले खाच दिसत नाही, बांधतो कायले! सारे तिनं बांधले. म्या बाजूले बसून गिऱ्हाईकाइशी बोलतो."

"काय सांगता बाप्पा!"

"माह्याहून हात बेस हाये तिचा. माहे दहातले दोन मरत. तिचे मरत नाहीत."

"मंग हे कोनाले सांगत काहून नाही?"

पुन्हा थोडा वेळ गेला. माझं चाललं असतं तर रेकॉर्डिंग केव्हाच बंद झालं असतं, अगदी पहिल्या चिमणीलाच.

"लाज वाटते गा," नामदेवराव म्हणाले.

मग कपबशीचा आवाज, ताईंचा आवाज, "घ्या मामाजी," आणि नामदेवराव एकदम मोठ्याने, "हं, कोनतं झाड सांगत होतो मी?" फाइल संपली.

नामदेवरावांनी डाव्या हाताने तोंड झाकून घेतलं होतं. मग तोच हात त्यांनी सुनेकडे केला, आणि ताईंनी पुढे होऊन तो धरला. मी उगीचच लॅपटॉपची वायर नीट करत बसलो, कारण मला रडू येऊन राहिलं होतं आणि पुण्याला कळलं असतं तर बरं दिसलं नसतं.

सुधाकरराव म्हणाले, "वहिनी, इतके वर्षं तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"कोनी इचारलं होतं का, भाऊजी?"

प्रश्न सुधाकररावांना होता, लागला मला. प्रश्न विचारायचे नाहीत, माणूस न वाचताच हो म्हणतो, हे सगळं माझंच तर शहाणपण होतं. सुधाकरराव उठले, चपला घालून तिसऱ्या वाफ्यापाशी गेले आणि कितीतरी वेळ तिथे उकिडवे बसून रोपांकडे पाहत राहिले. रोपं त्यांना काय कळणार, नोकरीवाला माणूस. पण परत आले आणि म्हणाले, "त्या नर्सरीवाल्याले मी फोन करून 'नाही' म्हणून सांगतो." बापाकडे न पाहता म्हणाले, पण म्हणाले.

बेचाळीस झाडांची माहिती गेली ती गेली, ती मी परत आणू शकलो नाही. ते ओझं माझ्या नावावर आहे आणि राहील. त्या दोन अर्ध्या फाइली आणि सगळी चुरी मिळून सातआठ झाडांचं काही हाती लागलं. पुढे ताई नामदेवरावांना खुर्चीसकट बागेत नेऊ लागल्या. प्रत्येक झाडापाशी थांबायचं, विचारायचं, आणि मान हलली की लिहायचं. एका झाडाला चार चार दिवस लागतात. ताई फोनवर सांगतात, "आता मामाजी जास्त नीट सांगतात. बकरीले शिव्या देण्यात टाइम जात नाही ना."

पऱ्हाटीत आता टोपलं आपोआप रिकामं होत नाही, कचऱ्याला साने साहेबांचा विलायती पत्र्याचा डबा परत आला आहे, आणि साहेबांनी बैठकीत "मानकं" हा शब्द एकदाच उच्चारला, पण काय चवीने उच्चारला! पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी निघताना काय झालं तेवढं सांगायचं राहिलं.

मी पिशवी आवरत होतो. ज्योतीताई लॅपटॉपसमोर बसल्या, त्या आठव्या फाइलवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, ही चुरी नाही. ही टोपल्यात टाका."

मॅडम माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली. आधी सेटिंग बदललं, टोपल्याला नुसतं टोपलं केलं, मग फाइल आत टाकली. बंद करून पुन्हा सुरू करून दाखवलं. माल जागेवर होता. आणि मग मी माझ्या सगळ्या कारकिर्दीत पहिल्यांदा विचारलं, "ताई, याला नाव काय देऊ?"

त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं, मग वाफ्यांकडे.

"लिहा, तिसरा वाफा," म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "अन् त्याच्यापुढं ज्योती लिहा."